मंगळवारची रांग

श्रोतेहो, नमस्कार.

मध्यप्रदेशात मंगळवार हा जनसुनवाईचा, म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी समोर बसून ऐकण्याचा दिवस. इंदूरच्या कलेक्टर कचेरीत सकाळपासून रांग लागते. कुणाच्या हातात जमिनीचे कागद, कुणाच्या हातात रेशनचा अर्ज, कुणाजवळ नुसतीच एक चिठ्ठी. गेल्या पावसाळ्यात सलग चार मंगळवार मी त्या रांगेत उभी होते. काम माझं नव्हतं. रामबागेत आमच्या मागच्या गल्लीत एक आजी राहतात, त्यांच्या सोबतीला गेले होते.

आजींनी उभा जन्म लोकांची धुणीभांडी केली. राख, साबण आणि पाणी यांनी बोटांवरच्या रेषा पुसून टाकल्या. समग्र आयडी म्हणजे आमच्या राज्यातला सरकारी योजनांसाठीचा ओळख क्रमांक. त्याचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करायची वेळ आली, तेव्हा यंत्र काही केल्या अंगठा घेईना आणि पेन्शन थांबली. आमच्या राज्यात सरकारी कागदावर विधवेला ‘कल्याणी’ म्हणतात. त्या कल्याणीचे महिन्याचे 600 रुपये. आजींचं औषध आणि दूध त्यातून येतं. एका खिडकीवर सांगितलं, आधार दुरुस्त करून आणा. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, बोटं उमटत नाहीत तर आम्ही काय करणार, पहिल्याच ठिकाणी जा. आजी मला म्हणाल्या, “ताई, बोटं झिजली हा काय माझा गुन्हा झाला का गं?”

त्या रात्री मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय पुन्हा वाचला. गोष्ट छोटी आहे. एका नगरात एक न्यायाधीश होता, देवाला न भिणारा, माणसांची पर्वा न करणारा. त्याच नगरात एक विधवा होती. ती त्याच्याकडे जात राहिली, एकच मागणं घेऊन, मला न्याय द्या. शेवटी तो मनाशी म्हणाला, ही बाई माझा पिच्छा सोडणार नाही, हिला न्याय देऊन टाकतो.

लहानपणापासून चर्चमध्ये ही गोष्ट मी प्रार्थनेची गोष्ट म्हणून ऐकली, आणि ती तशी आहेच. खचून न जाता सदैव प्रार्थना करावी म्हणून येशूने ती सांगितली, असं लूक पहिल्याच ओळीत लिहितो. पण माझ्या मनात एक वेगळीच गोष्ट अडकून राहिली. मंदिरात उभे राहून प्रार्थना करणारे परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आणि जकातदार याच अध्यायात आहेत, पण ते नंतर येतात. त्यांच्या आधी येते कचेरीची पायरी झिजवणारी बाई. प्रार्थना कशी असते हे समजावताना येशूने आधी देवालय दाखवलं नाही, न्यायालय दाखवलं. तेव्हापासून मला रांगेत उभं राहणं आणि गुडघे टेकणं ही दोन वेगळी कामं वाटत नाहीत.

माझे वडील असते तर त्यांना हे पटलं नसतं. ते भले गृहस्थ होते, पण म्हणायचे, आपण थोडे आहोत, मुकाट्याने राहावं, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं प्रेषित पौलाने बायबलमध्ये लिहिलंच आहे. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय. आमच्या समाजात हे वाक्य खूप घरांत म्हटलं जातं आणि त्यामागे भीती असते, ती मी समजू शकते. पण पौल स्वतः कसा वागला ते बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात वाचा. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशी न करता भर चौकात छड्या मारल्या आणि तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, यांना सोडा. दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणून निघून गेला असता. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, आम्हाला न्याय न करता चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप काढून देता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले! मला वाटतं, पौल हे स्वतःच्या मानासाठी बोलला नाही. लुदिया नावाच्या बाईच्या घरी जमणारी नवी, लहानशी मंडळी त्याला त्या शहरात मागे ठेवून जायची होती. तिच्या अंगावर उद्या कुणी हात टाकू नये, ही काळजी त्या हट्टात होती. पुढे कैसरियात तर त्याने सरळ कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे दाद मागितली. अधीन राहणं म्हणजे कायदा मोडायचा नाही. त्याच कायद्याने मिळालेला हक्क सोडून द्यावा असं त्यात कुठे आहे?

आपल्या मराठीत याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. 1897 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीने मरायला टेकलेल्या शेकडो मुलींना, विधवांना पुण्याजवळच्या केडगावला, आपल्या आश्रमात घेऊन गेल्या. ते दयेचं काम आपल्याला ठाऊक असतं. त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता. सरकारी बंदोबस्तात बायकांचे जे हाल झाले, ते रमाबाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहून उघड मांडले. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं होतं आणि त्याही ख्रिस्ती होत्या. धर्म एक म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. भाकरी देणारा हात आणि जाब विचारणारं तोंड एकाच बाईचं होतं.

आणि इंदूरच्या माणसाने सिस्टर राणी मारियांना विसरू नये. केरळात जन्मलेली ही कॅथलिक धर्मभगिनी 1992 मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आली. तिथले आदिवासी शेतमजूर सावकारांच्या कर्जात बुडालेले होते. नुसतं धान्य वाटलं असतं तर कुणालाच तिची अडचण झाली नसती. तिने लोकांना सरकारी योजना समजावल्या, बँकेचं दार दाखवलं, स्वतःचे हक्क मागायला शिकवलं. त्यातून काहींचा व्याजाचा धंदा बसला. 25 फेब्रुवारी 1995 ला ती बसने इंदूरकडे येत असताना प्रवाशांदेखत तिचा खून झाला. वय 41. त्या मारेकऱ्याला तिच्या धाकट्या बहिणीने, तीही सिस्टरच, 2002 मध्ये तुरुंगात जाऊन राखी बांधली. पुढे तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्येच राणी मारियांना कॅथलिक चर्चने ‘धन्य’ घोषित केलं, संतपदाच्या आधीची ही पायरी. क्षमा झाली म्हणून हक्कांचं काम थांबलं नाही, आणि हक्क मागितले म्हणून क्षमा अडली नाही. मी या दोन्ही गोष्टी एकत्र धरायला अजून शिकते आहे.

काही जण विचारतात, या मदतीच्या मागे धर्मांतर तर नाही ना? प्रश्नाचा मला राग येत नाही, उत्तर द्यायलाच हवं. येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याने, म्हणजे यहुद्यांना परक्या वाटणाऱ्या जमातीच्या माणसाने, रस्त्यावरच्या जखमी माणसाला उतारशाळेत नेलं, दोन दीनार दिले, आणखी खर्च झाला तर परतताना देईन म्हणाला. तू कोणत्या देवाचा, हे त्याने विचारलं नाही. आमच्या आजी बुधवारी खजराण्याच्या गणपतीला जातात आणि येताना माझ्यासाठी प्रसाद आणतात. मी तो दोन्ही हातांनी घेते.

आम्हा ख्रिस्ती लोकांनाही एक आठवण हवी. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते. 1949 मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांना कायदेमंडळात राखीव जागा नकोत, असा ठराव सल्लागार समितीत त्यांनी मांडला. शेजाऱ्यांवर एवढा भरवसा टाकणं सोपं नव्हतं. दुसरीकडे, अनुसूचित जातींची यादी ठरवणाऱ्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती आजही त्या यादीबाहेर आहेत. शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये त्या यादीत जागा मिळाली. ही दाद मागायलाच हवी. पण लग्न जुळवताना जात विचारणारी घरं आमच्यातही आहेत, आणि ती दाद आमच्याचकडे मागायची आहे. कोणत्या पक्षाला मत द्या हे व्यासपीठावरून सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. पण मतदार यादीत नाव आहे का, वस्तीत नळाला पाणी येतं का, हे रविवारी उपासनेनंतर विचारायला काय हरकत आहे?

चौथ्या मंगळवारी आमचा अर्ज एका तरुण अधिकारी बाईंनी नीट वाचला. त्यांनी आजींचा हात हातात घेऊन बोटं पाहिली. मग डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवायची व्यवस्था झाली. पुढच्या महिन्यात 600 रुपये जमा झाले. मधल्या पाच महिन्यांचे मात्र राहिले आहेत.

आजींनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या खिळ्याला टांगून ठेवले आहेत. येत्या मंगळवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. नमस्कार.