सणासुदीची सवलत: वाहतुकीचा दंड आणि पोलिसांचा विवेकाधिकार

सुट्टीच्या दिवशी ठरलेल्या मर्यादेपेक्षा वेगाने जाणारी एक गाडी पोलीस अधिकारी रस्त्याच्या कडेला घेतो आणि चालकाचा परवाना मागतो. त्यानंतरच्या काही मिनिटांत तो जो निर्णय घेतो, तो कायद्याच्या पुस्तकात पूर्णपणे लिहिलेला नसतो. तो दंडाची पावती फाडू शकतो, लेखी ताकीद देऊ शकतो किंवा तोंडी समज देऊन गाडी सोडून देऊ शकतो. नियम मोडला गेला आहे याबद्दल त्या दोघांपैकी कोणालाच शंका नसते. आज, या माणसावर कारवाई करायची की नाही, एवढेच ठरायचे असते आणि ते एकटा अधिकारी ठरवतो.

या अधिकाराला विवेकाधिकार म्हणतात आणि तो काढून टाकणे कोणत्याही पोलीस दलाला शक्य झालेले नाही. रस्त्यावरचे नियमभंग अगणित असतात, पोलीस मोजके असतात, आणि कायदा लिहिताना पुढे येणारा प्रत्येक प्रसंग कोणालाच दिसत नाही. आजारी मुलाला घेऊन रुग्णालयाकडे निघालेली आई आणि मित्रांशी शर्यत लावणारा तरुण यांच्या गाड्यांचा वेग यंत्रावर सारखाच उमटतो. त्यांच्यातला फरक ओळखण्यासाठी तिथे माणूसच उभा असावा लागतो. मात्र या अधिकाराची एक अवघड बाजू आहे. अमेरिकेतील कायद्याचे अभ्यासक जोसेफ गोल्डस्टीन यांनी 1960 मध्ये ‘येल लॉ जर्नल’मधील आपल्या लेखात तिच्यावर नेमके बोट ठेवले. ज्याला दंड होतो तो न्यायालयात दाद मागू शकतो, म्हणून त्या निर्णयाची तपासणी होऊ शकते. ज्याला सोडून दिले जाते तो अर्थातच तक्रार करत नाही, आणि त्यामुळे कारवाई न करण्याचा निर्णय जवळजवळ कोणाच्याच नजरेस पडत नाही. पोलिसांच्या दयाळूपणाबद्दल बोलताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते, कारण दया कोणाला मिळाली हे कळले तरच ती कोणाला मिळाली नाही हेही कळते.

सुट्ट्यांच्या काळात या अधिकाराला दोन विरुद्ध दिशांनी ओढ लागते. एकीकडे वातावरण आनंदाचे असते, गाडीत लहान मुले आणि भेटवस्तू असतात, आणि अशा दिवशी कोणाच्या हातात पावती ठेवणे अधिकाऱ्याच्या स्वतःच्या मनालाही रुचत नाही. दुसरीकडे त्याच दिवसांत रस्त्यांवर गर्दी वाढते, लांबचे प्रवास रात्री उशिरापर्यंत चालतात, थकलेले चालक झोप टाळत गाडी हाकतात आणि मद्य घेऊन गाडी चालवणाऱ्यांचा धोका वाढतो. कोणत्या बाजूला झुकायचे, याची उत्तरे जगात वेगवेगळी दिली गेली आहेत.

गुजरातमध्ये 2022 साली दिवाळीच्या वेळी राज्याचे गृहराज्यमंत्री हर्ष संघवी यांनी 21 ते 27 ऑक्टोबर या काळात वाहतूक पोलीस दंड आकारणार नाहीत, नियम मोडणाऱ्याला फूल देऊन समज देतील, असे जाहीर केले. नियम पाळू नयेत असा याचा अर्थ नाही, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले होते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने मात्र नेमकी उलटी वाट धरली. तिथे 1997 पासून नाताळ, नववर्ष, ईस्टर आणि जोडून येणाऱ्या इतर सुट्ट्यांच्या काळात वेगमर्यादा ओलांडणे, सीटबेल्ट किंवा हेल्मेट न वापरणे अशा गुन्ह्यांसाठी परवान्यावर नोंदले जाणारे दोषगुण दुप्पट होतात. पुढे गाडी चालवताना मोबाईल हाती धरण्याचाही त्यात समावेश झाला. दंडाची रक्कम बदलत नाही. पण पूर्ण परवाना असलेल्या चालकाला तीन वर्षांत 13 दोषगुण झाले की परवाना गमावण्याची वेळ येते, आणि सीटबेल्टचे एरवीचे 3 दोषगुण त्या दिवशी 6 होतात. श्रीमंताला रकमेची झळ लागत नाही. परवान्याची मात्र प्रत्येकाला लागते, म्हणून हा उपाय मला अधिक न्याय्य वाटतो.

अमेरिकेत दंड दुप्पट करण्याऐवजी बंदोबस्त वाढवण्यावर भर आहे. मे महिन्यातील मेमोरियल डेच्या आसपास सीटबेल्टसाठी आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या लेबर डेच्या आधी तसेच डिसेंबरच्या उत्तरार्धात मद्यपी चालकांसाठी देशभर मोहिमा चालतात, आणि त्यासाठी लागणाऱ्या जादा तासांच्या पगाराचा काही भाग केंद्रीय निधीतून येतो. त्याच देशात काही शहरांचे पोलीस नाताळच्या दिवसांत किरकोळ नियमभंगासाठी गाडी थांबवतात आणि पावतीऐवजी भेटवस्तू हातात ठेवतात. त्या क्षणाची चित्रफीत पाहणाऱ्याला आवडते, आणि पोलिसांबद्दलची भीती कमी व्हावी ही त्यामागची इच्छा खरी असते. तरीही जिथे गाडी थांबवणे ही सक्तीची कृती आहे, तिथे निळे-लाल दिवे मागे लागल्यावर चालकाच्या छातीत जी धडकी भरते, ती भेटवस्तूने पुसली जाईल असे धरून चालणे योग्य नाही. आणि कोणताही नियम मोडलेला नसताना केवळ भेट देण्यासाठी एखाद्याला अडवणे तर कायद्याच्या कसोटीवरही टिकणे कठीण आहे.

आता सवलत प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येते, या प्रश्नाकडे वळू. फ्लोरिडा राज्यातील महामार्ग पोलिसांच्या वेगविषयक पावत्यांचा आलेख काढला, तर मर्यादेपेक्षा ताशी नेमक्या 9 मैलांनी जास्त या आकड्यापाशी पावत्यांचा एक उंच ढीग दिसतो. तिथे 10 मैलांपासून दंडाची पुढची पायरी सुरू होते. याचा सरळ अर्थ असा की अधिकारी अनेक चालकांचा वेग कमी करून लिहीत होते, म्हणजे गुपचूप सवलत देत होते. फेलिपे गोन्साल्विस आणि स्टीव्हन मेलो या अर्थशास्त्रज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की ही सवलत गोऱ्या चालकांना जितकी मिळत होती तितकी कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाच्या) चालकांना मिळत नव्हती. सगळे अधिकारी असा भेदभाव करत नव्हते. काही जण मुळीच करत नव्हते, पण जे करत होते त्यांच्यामुळे एकूण चित्र वाकडे झाले. मॅसॅच्युसेट्स राज्याबद्दल मायकेल मॅकॉव्स्की आणि थॉमस स्ट्रॅटमन यांचा 2009 मधील अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतो. तिथे गावाबाहेरच्या चालकाला दंड होण्याची शक्यता स्थानिक चालकापेक्षा जास्त होती, आणि गावाच्या तिजोरीत खडखडाट असेल तर ती आणखी वाढत होती. बाहेरचा माणूस त्या गावात मत देत नाही, आणि दंडाविरुद्ध दाद मागायला पुन्हा तिथवर येणेही त्याला परवडत नाही.

सुट्टीत घराबाहेर पडलेला जवळजवळ प्रत्येक जण कुठल्या तरी गावात बाहेरचाच असतो. म्हणून सणाच्या दिवशी अधिकाऱ्याच्या मनात आलेली उदारता ओळखीच्या चेहऱ्याकडे, ओळखीच्या बोलीकडे आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्या कुटुंबाकडे आपसूक वळण्याचा धोका असतो. अधिकाऱ्याचा हेतू वाईट असण्याची त्यासाठी गरज नाही.

या सवलतीची दुसरी बाजू जिवाशी निगडित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार वाहनांचा सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो. ओरेगॉन राज्यात 2003 साली पैशांअभावी राज्य पोलिसांतील सुमारे 35 टक्के गस्ती पोलिसांना कामावरून कमी करावे लागले. पावत्या घटल्या आणि महामार्गांवरील जखमी व मृतांची संख्या वाढली. दंड हा निव्वळ तिजोरी भरण्याचा प्रकार आहे, असे मानणाऱ्या प्रत्येकाने ही घटना जरूर अभ्यासावी. वेगात जाणाऱ्याला सोडून देणारा अधिकारी ज्याच्या जिवावर उदार होतो, तो पादचारी किंवा समोरून येणारा दुचाकीस्वार त्या संभाषणात हजरच नसतो.

मग सणाच्या दिवशी दया दाखवूच नये का? दाखवावी, पण ती कॅलेंडरवरच्या तारखेवर अवलंबून नसावी. नियम मोडल्याने कोणाला किती धोका झाला, यावर असावी. मागचा दिवा गेलेला असणे, परवान्याच्या नूतनीकरणाची मुदत नुकतीच उलटलेली असणे, अनोळखी शहरात चुकीच्या मार्गिकेत शिरणे, अशा गोष्टींत समज देऊन दुरुस्तीला मुदत देणे हे रोजच शहाणपणाचे आहे आणि सुट्टीत तर अधिकच, कारण दुकाने आणि कार्यालये बंद असतात. मद्य घेऊन गाडी चालवणे, बेफाम वेग, मुलांना सीटबेल्टशिवाय बसवणे, यांत सण आला म्हणून धोका कमी होत नाही.

अशी रेषा आधीच आखून सर्वांसमोर ठेवता येते. इंग्लंड आणि वेल्समधील पोलिसांच्या मार्गदर्शक सूचना उघड आहेत: ताशी 30 मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर साधारणपणे 35 मैलांपासून कारवाई सुरू होते, 42 मैलांपर्यंत दंडाऐवजी प्रशिक्षणवर्गाचा पर्याय दिला जाऊ शकतो, आणि 50 मैलांपासून प्रकरण न्यायालयात जाते. प्रसंग पाहून वेगळा निर्णय घेण्याची मुभा अधिकाऱ्याकडे तरीही राहते, पण तो नेहमीच्या वाटेपासून किती दूर गेला हे मोजता येते. मॅसॅच्युसेट्सचा अभ्यासही एका साध्या कारणाने शक्य झाला: तिथे 2001 मधील दोन महिन्यांच्या दंडांबरोबरच लेखी ताकिदींचीही नोंद उपलब्ध होती. फक्त पावत्यांच्या प्रती हाती असत्या, तर कोणाला सोडले हे कधीच कळले नसते.

सुट्टीपूर्वी वाहतूक विभाग बंदोबस्ताचे पत्रक काढतो, त्याच पत्रकात कोणत्या नियमभंगासाठी ताकीद मिळेल आणि कोणत्यासाठी मिळणार नाही हे छापावे. तोंडी सोडून देण्याऐवजी प्रत्येक ताकीद कागदावर किंवा हातातल्या यंत्रावर ठिकाण, वेळ आणि कारणासह नोंदवावी, आणि सुट्टी संपल्यावर दंडांच्या आकड्यांशेजारी ताकिदींचेही आकडे जाहीर करावेत. यातील बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. विभागप्रमुखाच्या सहीचा एक आदेश पुरतो.