उन्हाळ्यातून उन्हाळ्यात

नमस्कार, श्रोतेहो.

मे महिन्यात आमच्या वेंगुर्ल्याकडे वाडीवाडीच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसापाशी, लदिन असते; एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायची प्रार्थना. चाकरमानी आलेले असतात, फणसाचा वास सुटलेला असतो. म्हाताऱ्या बायका पुढे चटईवर बसतात आणि कुणीतरी खड्या आवाजात सुरू करतं, 'किरिये एलेइसोन'. मागून सगळे तेच म्हणतात. आम्हा मुलांचं लक्ष मात्र टोपातल्या उकडलेल्या चण्यांवर असायचं. लदिन आटपली की चणे-खोबरं मिळणार, म्हणून आम्ही उत्तरं भराभर द्यायचो. त्या शब्दांचा अर्थ मला ठाऊक नव्हता. आजीलाही नसणार, असं मी धरून चालले होते.

२०१६ साली आपला उन्हाळा संपता संपता मी दुसऱ्या उन्हाळ्यात गेले. मिरग लागायच्या तोंडावर घर सोडलं आणि पुढचे अडीच महिने फ्रान्समधल्या तेझे नावाच्या खेड्यात काढले. पॅरिसहून वेगवान रेल्वेने माकाँपर्यंत, तिथून बसने टेकडीवर. पोचले तेव्हा रात्रीचे नऊ वाजत आले होते आणि बाहेर लख्ख उजेड होता. आपल्याकडे त्या वेळी जेवणंखाणं होऊन आवराआवर चाललेली असते.

तेझेला ब्रदर्सचा, म्हणजे ख्रिस्ती व्रतस्थांचा, एक संघ राहतो. १९४० मध्ये, महायुद्ध चालू असताना, ब्रदर रोजे नावाचे पंचवीस वर्षांचे स्विस तरुण तिथे आले आणि त्यांनी एक घर विकत घेतलं. जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्सची सीमा जवळच होती. पळून आलेल्या माणसांना त्यांनी त्या घरात आसरा दिला, त्यांत ज्यूही होते. आणि युद्ध संपल्यावर? जवळच्या छावणीत जर्मन युद्धकैदी होते, त्यांना त्यांनी रविवारी जेवायला बोलावलं. कालपर्यंत ज्यांच्यापासून माणसं लपवली, त्यांनाच आज आपल्या पंगतीला बसवायचं. तेझेबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन. १९६२ मध्ये तिथलं मोठं चर्च उभं राहिलं, तेही जर्मन तरुणांच्या हातांनी.

ब्रदर रोजे मूळचे प्रोटेस्टंट. संघात आज कॅथलिकही आहेत. आपल्याकडे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकाच बाजारात मासळी घेतात, पण मी कॅथलिक, प्रोटेस्टंट चर्चचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. तेझेला माझ्या खोलीत सहाजणी होत्या. दोघी लूथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, रुमानियाची एक पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची, बाकी आम्ही कॅथलिक. आठवडाभरात कोण कुठली हा विचारच मागे पडला, कारण कामच तेवढं होतं. उन्हाळ्यात तिथे दर आठवड्याला हजारो तरुण येतात आणि स्वयंपाकापासून संडास धुण्यापर्यंत सगळं तेच करतात. माझ्याकडे भांडी होती. जेवायला एक ट्रे, एक वाडगा आणि एक चमचा. चहासुद्धा वाडग्यातून. पहिल्या सकाळी तो वाडगा दोन्ही हातांत धरला आणि मला घरची पेज आठवून रडू आलं.

चर्चमध्ये बाकं नाहीत, सगळे जमिनीवर. पुढे भगव्या रंगाची उंच कापडं आणि खूप मेणबत्त्या. दिवसातून तीनदा घंटा वाजते. एकच ओळ दहा-दहा वेळा गातात आणि मध्येच सगळं थांबतं. आठ-दहा मिनिटं कुणी काही बोलत नाही. पहिले चार दिवस ती शांतता मला सोसवेना. पण त्याआधी, पहिल्याच संध्याकाळी, कुणीतरी गायला सुरुवात केली: किरिये एलेइसोन. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या खुरसाकडचा शब्द इथे कसा? आणि इतका सावकाश?

मी तो लॅटिन समजत होते. रुमानियाच्या मैत्रिणीने सांगितलं, हे ग्रीक आहे. 'प्रभू, दया कर.' रोमच्या लॅटिन उपासनेतही हे दोन शब्द ग्रीकच राहिले. पुढे ते पोर्तुगीज पाद्र्यांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागले आणि माझ्या आजीच्या तोंडी बसले. इतकी वर्षं मी ते चण्यांच्या घाईत गिळत होते.

एकदा आम्ही जुन्या रेल्वेमार्गाच्या वाटेने क्ल्युनीला चालत गेलो, दहा-एक किलोमीटर. इ.स. ९१० मध्ये स्थापन झालेला तिथला मठ एके काळी ख्रिस्ती जगातल्या सर्वांत मोठ्या चर्चचा धनी होता. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्याचे दगड विकले गेले. आता थोडाच भाग उभा आहे. मला आमची पडकी डच वखार आठवली आणि मी बराच वेळ तिथे बसून राहिले.

जुलैत भावाचा फोन आला. तरवा काढून झाला होता, लावणी चालू होती आणि मागे त्याच्या आवाजापेक्षा पावसाचाच आवाज मोठा होता. आजी भिजत बांधावर उभी होती म्हणे. लावणीला मी नव्हते, हे मला अजून बोचतं. त्या दिवशी दुपारच्या शांततेत मी पहिल्यांदा चुळबुळ न करता बसले. डोळ्यांपुढे आमचा मळा होता.

परत आले तेव्हा भात पोटरीला येत होतं. आजीला मी मोठ्या उत्साहाने किरियेचा अर्थ सांगितला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खुरसाकडे बसान माणूस आणखी काय मागता गो?"

पुढच्या मेमध्ये लदिनीला किरिये झाल्यावर मी मोठ्यांना विचारून थोडा वेळ शांत बसायचं सुचवलं. पहिल्या वर्षी एकाला वाटलं, सांगणारा पुढचे शब्द विसरला. आता बसतात. दोन-तीन मिनिटंच. तेवढ्यात समुद्राची गाज ऐकू येते, मुलं टोपाकडे बघत असतात आणि आजी डोळे मिटून बसलेली असते.

नमस्कार.