फिलिप्पाने आधी विचारले

बंधुभगिनींनो, सुवार्ता, म्हणजे येशूविषयीची शुभवार्ता, इतरांना सांगण्याचा विषय निघाला की आपले बोट आपोआप मत्तयाच्या २८व्या अध्यायावर जाते. जा, सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा. येशूची आज्ञा स्पष्ट आहे, वादच नाही. पण तोंड उघडायचे कसे, हे कळायला जे प्रत्यक्ष गेले त्यांच्यामागे थोडे चालून पाहावे लागते.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८. यरुशलेमेहून गाझाकडे उतरणारी वाट. कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचतोय, तेही मोठ्याने, कारण सुवार्ता सांगत फिरणाऱ्या फिलिप्पाला ते ऐकू येते. आयती संधी! मी असतो तर पहिल्याच वाक्याला उपदेश सुरू केला असता. फिलिप्प धावत जातो आणि विचारतो, ‘आपण जे वाचत आहात ते आपल्याला समजते काय?’ एवढेच. तो माणूस म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार? आणि आपणहून त्याला रथात बोलावतो. फिलिप्प रथात चढला तो आमंत्रणावरून, हे सहसा आपल्या नजरेतून सुटते. पुढचा प्रश्नही त्या खजिनदाराचाच आहे: संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? कृत्यांचा लेखक लूक लिहितो की फिलिप्पाने त्याच शास्त्रलेखापासून सुरुवात केली. आपल्या पाठ असलेल्या वचनापासून नव्हे, तर त्या माणसाचे जिथे अडले होते तिथून.

येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातले ३:१५ आपण ‘उत्तर देण्यास सिद्ध असा’ एवढेच पाठ करतो. पण उत्तर कोणाला द्यायचे? जो विचारतो त्याला. काय विचारतो? तुमच्या ठायी असलेल्या आशेविषयी. म्हणजे ती आशा आधी त्याला दिसली पाहिजे. इथे ‘उत्तर’ म्हणून जो ग्रीक शब्द आहे, आपोलोगिया, तो न्यायासनापुढे स्वतःची बाजू मांडण्यासाठीही वापरत. आणि हे पत्र छळ सोसणाऱ्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेले आहे. अशा लोकांना पेत्र सांगतो, सौम्यतेने बोला. आपल्याला तर चहा पितानासुद्धा आवाज चढवल्याशिवाय राहवत नाही.

प्रेषित पौलाचे अथेन्स बघा, कृत्ये १७. १६व्या वचनात शहर मूर्तींनी भरलेले पाहून त्याचे मन संतापले आहे. २२व्या वचनात तो अरियपगात, अथेन्सच्या सभेपुढे, उभा राहून म्हणतो, तुम्ही फार धर्मशील आहात असे मला दिसते. संताप गेला कुठे? गेला नसावा, मूर्तींविषयी जे म्हणायचे ते तो पुढे म्हणतोच. पण मधल्या काळात तो शहरात फिरला होता. ‘अज्ञात देवाला’ असे कोरलेली वेदी त्याने वाचली होती. त्यांच्याच कवीची ओळ, ‘आपण वास्तविक त्याचा वंश आहोत’, त्याला तोंडपाठ होती. एवढे करूनही काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, थोड्यांनी विश्वास धरला. पौल त्यांच्यातून निघून गेला, मागे लागला नाही.

शेवटी योहान ४. इथे तर विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईकडे येशूच आधी मागतो: मला प्यायला दे. ज्याच्याजवळ जिवंत पाणी आहे तो परक्या समाजातल्या बाईपुढे हात पसरतो. ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि सांगते काय? ‘या, मी केलेले सर्व ज्याने मला सांगितले तो मनुष्य पाहा, तोच ख्रिस्त असेल काय?’ तिच्याजवळ धडा नाही, पाठांतर नाही, पुरते उत्तरसुद्धा नाही. जे घडले ते आणि एक प्रश्न. गाव विहिरीकडे लोटते, येशूला दोन दिवस ठेवून घेते, आणि मग तिला म्हणते, आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून विश्वास धरतो असे नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे. त्यावर ती काय म्हणाली, योहानाने लिहिलेले नाही.