गुलाबी सोनं : पॅटी मिल्सची गोष्ट

[दृश्य : सैतामा, जपान. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा.]

7 ऑगस्ट 2021. टोकियोजवळचं सैतामा. हजारो माणसं मावतील असं स्टेडियम, पण कोविडमुळे प्रेक्षक एकही नाही. एरवी गोंगाटात बुडून जाणारं सगळं आज ऐकू येतंय. लाकडी जमिनीवर बुटांची करकर. बाकावरून मारलेल्या हाका. जाळीतून चेंडू सरकतो तेव्हाचा तो सप्प आवाज.

ऑलिम्पिकमधला कांस्यपदकाचा सामना, ऑस्ट्रेलिया विरुद्ध स्लोव्हेनिया. स्लोव्हेनियाकडे लुका डॉन्चिच आहे, आणि त्याच्या हातात चेंडू गेला की भल्याभल्यांचा बचाव कोलमडतो. ऑस्ट्रेलियाकडून धावतोय पॅटी मिल्स, उंची सहा फूट. आपल्याकडे सहा फुटांचा माणूस उंच म्हणतात. या खेळात तो बुटका ठरतो.

ऑस्ट्रेलियाच्या पुरुष संघाने ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलचं पदक तोवर कधीच जिंकलं नव्हतं. 1988 मध्ये सोलला चौथे. 1996 मध्ये अटलांटाला चौथे. 2000 मध्ये घरच्या मैदानावर, सिडनीत, पुन्हा चौथे. 2016 मध्ये रिओला परत चौथे. त्यांच्या महिला संघाने याच काळात पाच पदकं घरी नेली होती. पुरुषांचं मात्र दर वेळी दारात येऊन अडत होतं. पहिल्यांदा चौथे आले त्या 1988 सालीच, ऑगस्टच्या 11 तारखेला, कॅनबेरात पॅटी मिल्सचा जन्म झाला.

[दृश्य : टॉरेस सामुद्रधुनी. निळंहिरवं पाणी, छोटी बेटं.]

ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामध्ये टॉरेस सामुद्रधुनी आहे. पॅटीचे वडील बेनी मिल्स या बेटांवरच्या मूळ लोकांपैकी. आई इव्हॉन दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कोकाथा या आदिवासी समाजाच्या. इव्हॉन लहान असताना सरकारने त्यांना भावंडांसह आईपासून तोडून नेलं. अशी हजारो मुलं पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली. त्यांना 'स्टोलन जनरेशन्स' म्हणतात, म्हणजे चोरून नेलेल्या पिढ्या. या अन्यायाबद्दल ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती 13 फेब्रुवारी 2008 रोजी. ती संसदही कॅनबेरातच आहे, पॅटीच्या गावात.

बेनी आणि इव्हॉन यांनी कॅनबेरात मूळ रहिवाशांसाठी एक बास्केटबॉल क्लब काढला होता. नाव 'शॅडोज', म्हणजे सावल्या. पॅटी चार वर्षांचा असताना याच क्लबकडून खेळायला लागला. पुढे त्याने जे काही केलं, त्याची मुळं मला या छोट्या क्लबात दिसतात. खेळायला यायचं आणि आपली माणसंही भेटायची, असं ते ठिकाण होतं. खेळ घरातलाच होता. त्याचे मामा-काकांच्या नात्यातले डॅनी मोर्स्यू 1980 आणि 1984 च्या ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाकडून बास्केटबॉल खेळलेले.

2008 मध्ये पॅटी बीजिंग ऑलिम्पिकला गेला आणि स्पर्धा चालू असतानाच वीस वर्षांचा झाला. उपांत्यपूर्व फेरीत समोर अमेरिका होती, तिचे सगळे मोठे तारे घेऊन. ऑस्ट्रेलिया हरली, पण या पोराने 20 गुण काढले. त्या वेळी तो कॅलिफोर्नियातल्या सेंट मेरीज कॉलेजात शिकत होता.

पुढच्या वर्षी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा आधी 54 खेळाडू निवडून झाले होते. पंचावन्नावा नंबर म्हणजे रांगेच्या अगदी शेपटाला. त्यात पोर्टलँडच्या संघात दाखल होताच पाय मोडला. बरा होऊन मैदानात यायला 2010 चा जानेवारी उजाडला, आणि तेव्हाही वाट्याला आला तो बाकच.

बाकावर बसून पॅटी मिल्स काय करत होता, ते सांगायलाच हवं. तो टॉवेल फिरवायचा. कुणी बास्केट केली की हा ताडकन उभा राहून डोक्यावर टॉवेल गरागरा फिरवायचा. 2012 मध्ये तो सॅन अँटोनिओ स्पर्सकडे आला, तिथेही तेच. आपल्याला खेळायला मिळत नसताना दुसऱ्याच्या यशाने इतकं मनापासून हरखून जाणं सोपं नाही. ज्याने कुठल्याही संघात राखीव म्हणून दिवस काढलेत, त्याला ते पटेल.

स्पर्सचे प्रशिक्षक होते ग्रेग पॉपोविच, कडक शिस्तीचे. 2013 च्या उन्हाळ्यात मिल्सने घाम गाळून वजन उतरवलं, आणि पुढच्या हंगामात त्याची खेळण्याची मिनिटं वाढली. त्याचं बलस्थान वेग. सहकाऱ्याच्या धिप्पाड देहाचा आडोसा घेत रेषेबाहेर सुटायचं, चेंडू हातात येता येता पाय रोवायचे आणि बचाव करणारा वळायच्या आत तो सोडून द्यायचा. एनबीएमध्ये ती तीन गुणांची रेषा समोरून सव्वासात मीटरवर असते. तिथून, धावता धावता, समोर एक हात उंच माणूस असताना.

[दृश्य : टॉरेस सामुद्रधुनीचा झेंडा. हिरवा, निळा, हिरवा पट्टा. मधोमध पांढरं शिरोभूषण आणि तारा.]

आता 3 जून 2014. स्पर्स अंतिम फेरीत पोचलेत, दोन दिवसांनी मायामीशी पहिला सामना. पॉपोविच यांनी खेळाडूंना बोलावलं आणि डावपेचांआधी एका माणसाबद्दल सांगितलं. तो माणूस म्हणजे एडी माबो.

माबो टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचे. टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात माळीकाम करायचे. तिथल्या इतिहासाच्या प्राध्यापकांशी बोलताना त्यांना कळलं की मेरवरची जी जमीन वाडवडिलांपासून आपली आहे, ती कायद्याने त्यांची नाहीच, सरकारची आहे. इंग्रज आले तेव्हा ही भूमी कुणाचीच नव्हती, असं तो कायदा धरून चालत होता. माबो कोर्टात गेले. खटला दहा वर्षं चालला. 3 जून 1992 रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : ही जमीन कुणाचीच नव्हती हे खोटं आहे. निकाल ऐकायला माबो नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत ते वारले होते.

हे एडी माबो पॅटीच्या नात्यातले. अमेरिकेतल्या एका खोलीत, वेगवेगळ्या देशांतून आलेल्या खेळाडूंसमोर, त्याच्या माणसांची गोष्ट प्रशिक्षक स्वतः सांगत होते. पॉपोविच यांच्या नावावर पाच विजेतेपदं आहेत, पण मला त्यांचा मोठेपणा या प्रसंगात जास्त दिसतो.

15 जूनला पाचवा सामना. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मिल्सने एकट्याने 14 गुण ओतले. स्पर्स 104, मायामी 87. मालिका 4-1 अशी जिंकली आणि मिल्स टॉरेस सामुद्रधुनीचा झेंडा खांद्यावर घेऊन मैदानात उतरला. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, आतले स्नायू फाटले होते.

देशाकडून खेळताना मात्र हात रितेच राहिले. रिओमध्ये कांस्यपदकासाठी स्पेनशी सामना झाला. मिल्सचे गुण 30. ऑस्ट्रेलिया एका गुणाने पुढे, पाच-सहा सेकंद उरलेले, आणि पंचांनी फाउल दिला तो मिल्सवरच. स्पेनने दोन्ही फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे एकेका गुणाचे बिनअडथळ्याचे फेके, आत घातले. 89-88.

तीन वर्षांनी विश्वचषकाची उपांत्य फेरी, पुन्हा स्पेन. शेवटची काही सेकंदं, ऑस्ट्रेलिया एका गुणाने मागे, आणि फ्री थ्रोच्या रेषेवर मिल्स. पहिला आत गेला, बरोबरी झाली. दुसरा रिंगणाला लागून बाहेर आला. दोन जादा डावांनंतर स्पेन जिंकलं. त्या रात्री मिल्सचे गुण होते 34, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हुकलेला एक.

2020 मध्ये कोविडमुळे थांबलेला एनबीएचा हंगाम फ्लोरिडात, बाहेरच्या जगापासून तोडलेल्या संकुलात सुरू झाला. तिथे उरलेल्या सामन्यांसाठी मिल्सला मिळणार होते 10 लाख 17 हजार 818 डॉलर आणि 54 सेंट. त्याने सगळेच्या सगळे देऊन टाकले. वर्णभेदाविरुद्ध आणि कोठडीत मरण पावणाऱ्या मूळ रहिवाशांसाठी ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या मोहिमांना. वरचे 54 सेंटसुद्धा त्याने सांगितले, ते मला फार आवडलं. हिशेब पूर्ण, हातचं काही राखलेलं नाही.

[दृश्य : टोकियो, उद्घाटनाची रात्र.]

23 जुलै 2021. ऑस्ट्रेलियाच्या पथकापुढे दोघं ध्वजधारक होती, जलतरणपटू केट कॅम्पबेल आणि पॅटी मिल्स. ऑलिम्पिकच्या उद्घाटनात ऑस्ट्रेलियाचा झेंडा मूळ रहिवाशांपैकी कुणाच्या हाती येण्याची ही पहिलीच वेळ. ज्या देशाने आईला तिच्या आईपासून तोडलं, त्याच देशाचा झेंडा मुलगा उंच धरून चालला होता. त्याच्या मनात तेव्हा काय चाललं असेल, हे त्याच्या वतीने मी सांगू शकत नाही. चेहऱ्यावर हसू होतं.

पंधरा दिवसांनी, त्या रिकाम्या स्टेडियममध्ये, 42 गुण. शिवाय नऊ वेळा दुसऱ्याला पास देऊन करून दिलेली बास्केट. ऑस्ट्रेलिया 107, स्लोव्हेनिया 93. शिट्टी वाजली आणि मिल्स आणि त्याचा संघातला जुना साथीदार जो इंगल्स एकमेकांच्या गळ्यात पडले. कितीतरी वर्षं दोघं एकत्र हरले होते. तिकडे ऑस्ट्रेलियात टीव्हीवर माजी खेळाडू अँड्र्यू गेझला रडू आवरेना. सोल, अटलांटा, सिडनी, तिन्हीकडचा चौथा नंबर त्याने स्वतः सोसला होता.

कोविडमुळे या ऑलिम्पिकमध्ये पाहुणे पदक गळ्यात घालत नव्हते. तबकातून स्वतः उचलून घ्यायचं. मिल्स त्या पदकाला कांस्य म्हणत नाही. तो म्हणतो रोज गोल्ड, गुलाबी सोनं.

त्याच वर्षी मूळ रहिवासी मुलामुलींसाठी त्याने सुरू केलेली बास्केटबॉल लीगही उभी राहिली. आईवडिलांच्या 'शॅडोज'चंच हे मोठं रूप. खेळाबरोबर आपली भाषा, आपला इतिहास, आपली माणसं.

[दृश्य : पॅरिस, 6 ऑगस्ट 2024.]

मिल्सचं पाचवं ऑलिम्पिक. उपांत्यपूर्व फेरी, समोर सर्बिया. 24 गुणांची आघाडी ऑस्ट्रेलियाच्या हातून निसटली आहे. दोन गुण मागे, घड्याळात जेमतेम काही सेकंदं. चेंडू कुणाकडे द्यायचा हे संघात कुणी विचारलंही नसेल. मिल्स मागे झुकत उडी घेतो. चेंडू आत. 82-82.

जादा डावात सर्बिया 95, ऑस्ट्रेलिया 90. मिल्सचे गुण 26. पाच दिवसांनी तो 36 वर्षांचा झाला.