मुठीतलं अंतर

माझ्या उजव्या हातातला ग्रिपर मागच्या रांगेपर्यंत दिसतोय ना? दोन दांडे आणि मध्ये पोलादी स्प्रिंग, एवढंच हे यंत्र. डाव्या हाताने दांडा दाबून मी तो उजव्या तळव्यात बसवतोय. एक दांडा अंगठ्याखालच्या उंचवट्यावर, दुसऱ्यावर चार बोटं. टोकांमध्ये आता बोटाच्या जाडीएवढं अंतर राहिलंय. डावा हात काढला, आणि हा आवळला. टोकाला टोक भिडल्याचा आवाज तुम्ही ऐकलात. ग्रिपर बंद झाला.

आता यातलं किती काम उजव्या हाताने केलं, हा माझा आजचा प्रश्न आहे. हाच ग्रिपर थोड्या वेळाने पुन्हा बंद करून बघणार आहे, जास्त अंतरावरून. तोवर हाताला विश्रांती मिळू दे.

आवळायला सुरुवात करण्याआधी दुसऱ्या हाताने ग्रिपर तळव्यात बसवायचा, याला 'सेट' म्हणतात. अजिबात मदत न घेता, पूर्ण उघड्या ग्रिपरला एकाच हाताने भिडणं म्हणजे 'नो सेट'. टोकांमध्ये एटीएम कार्डाची रुंदी, म्हणजे 54 मिलिमीटर, ठेवून सुरुवात केली तर 'कार्ड सेट'. दांडे एकमेकांना समांतर होईपर्यंत आणले, साधारण 38 मिलिमीटर, तर 'पॅरलल सेट'. स्पर्धांमध्ये 20 मिलिमीटरचा ठोकळाही वापरतात. त्याच्याही आत गेलात, की 'डीप सेट'. मघाशी मी केला तो डीप सेट होता.

थोडं गणित करू, कारण या विषयातली अर्धी भांडणं गणित न केल्यामुळे होतात. उघड्या ग्रिपरच्या टोकांमध्ये सुमारे 70 मिलिमीटर अंतर असतं. स्प्रिंग जितकी वळवाल तितका तिचा जोर वाढतो, जवळपास सरळ प्रमाणात. पण तिला वळवायला लागणारं काम अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून ढोबळ हिशोबाने, ग्रिपर 54 मिलिमीटरपर्यंत आणताना एकूण कामाच्या 5 टक्केच खर्च होतात. 38 पर्यंत आणताना 20 टक्क्यांच्या आसपास. आणि 20 मिलिमीटरपर्यंत? निम्मं काम. म्हणजे 20 चा सेट लावून 'मी हा ग्रिपर बंद केला' असं म्हणताना निम्मा ग्रिपर दोन्ही हातांनी मिळून बंद केलेला असतो.

याचा अर्थ डीप सेट खोटा, असं मी म्हणत नाही. हे मला मनापासून सांगायचंय, कारण या एका शब्दावरून नव्या मुलांचा हुरूप घालवलेला मी पाहिलाय. स्प्रिंगचा सगळ्यात मोठा जोर शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये असतो आणि तो जोर डीप सेटमध्येही पेलावाच लागतो. प्रत्येक अंतर हाताला वेगळा प्रश्न विचारतं, एवढंच.

ते कसं, ते हातातच बघू. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, कोपराखालच्या हातात असतात. त्यांच्या कंडरा मनगटातून बोटांच्या टोकांपर्यंत जातात. सगळ्यांनी मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि आता घट्ट मूठ आवळून बघा. आवळत नाही. कारण स्नायू आधीच आखडलाय, त्याला ओढायला जागाच उरली नाही. आता मनगट किंचित मागे घ्या. मूठ लगेच घट्ट होते. जड ग्रिपरवर जीव एकवटला की मनगट नकळत आत वळतं आणि शेवटचे मिलिमीटर तिथेच अडतात.

रुंद अंतरावर अडचण वेगळी आहे. तिथे स्प्रिंग सैल असते, पण हातही दुबळा असतो. दांडा बोटांच्या शेवटच्या पेरांवर असतो, करंगळी कशीबशी पोचलेली असते. आवळत जाताना दांडा पेरांवरून आत सरकायला हवा, पण त्यावरची खरखरीत नक्षी कातडी धरून ठेवते. टोकं जवळ येईपर्यंत दांडा चुकीच्या जागी बसलेला असतो आणि तो सुधारायला दुसरा हात नसतो. लहान हाताच्या माणसाला हा दंड जास्त बसतो, हे मान्य केलं पाहिजे.

माझीच गोष्ट सांगतो. जवळजवळ दोन वर्षं मी फक्त डीप सेट केला. वहीत ग्रिपरचा क्रमांक, म्हणजे तो किती जड ते, लिहायचो, अंतर लिहायचो नाही. एका मित्राने कार्ड पुढे केलं आणि म्हणाला, यातून सुरू कर. माझ्याकडचा सगळ्यात जड ग्रिपर सोडा, त्याच्या दोन पायऱ्या खालचाही बंद झाला नाही. त्या दिवशी करंगळीच्या मुळाशी कातडी फाटली आणि मला कळलं की माझी ताकद 20 मिलिमीटरच्या आत राहत होती. सराव जिथे करावा तिथेच आणि त्याच्या थोडं आजूबाजूला ताकद वाढते.

हा वाद मोठ्या पातळीवरही झालाय. 'कॅप्टन्स ऑफ क्रश' या ग्रिपरांचा क्रमांक 3, ज्यावर 280 पौंड लिहिलेलं असतं, तो बंद केल्याचं पहिलं प्रमाणपत्र 1991 मध्ये रिचर्ड सोरिन यांना मिळालं. 365 पौंडांचा क्रमांक 4 बंद करणारे पहिले जो किनी, 1998 मध्ये. नंतर नियम कडक झाले आणि प्रमाणपत्रासाठी टोकांमधून कार्ड जाईल इतकं अंतर दाखवणं सक्तीचं झालं. मला तो नियम आवडतो, कारण तो एका नजरेत तपासता येतो. जाता जाता एक: हे पौंड म्हणजे बंद करायला लागणारं वजन असं समजू नका. टोकाला वजन टांगून मोजलं तर क्रमांक 3 साधारण त्याच्या निम्म्यावर बंद होतो, आणि एकाच क्रमांकाचे दोन ग्रिपरही सारखे नसतात.

मग सराव कसा करायचा? आधी आपण कुठे अडतो ते शोधा. कार्डापासून निघून 15 मिलिमीटरपर्यंत सहज येत असाल आणि तिथे थांबत असाल, तर शेवट कच्चा आहे. त्यासाठी जड ग्रिपर, खोल सेट, एकेकच आवळणी, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. होज क्लॅम्प, म्हणजे नळी आवळायची धातूची पट्टी, लावून ग्रिपर अर्धवट मिटलेलाच ठेवायचा, ही युक्तीही चांगली. हलक्या ग्रिपरच्या टोकांत नाणं धरून दहा सेकंद पडू न देणं मला त्याहून आवडतं, कारण नाणं खोटं बोलत नाही.

उलट, 20 पासून बंद होतो आणि कार्डापासून नाही, अशी माझ्यासारखी गत असेल तर दोन पायऱ्या हलका ग्रिपर घ्या आणि आठवड्यातून एक दिवस फक्त नो सेट करा. तीन-तीन आवळण्या, पाच-सहा वेळा. पहिल्यांदा करंगळी लागली पाहिजे, तर्जनी शेवटी. टोकाजवळच्या बोटाला तरफ सगळ्यात लांब मिळते आणि आपण नेमकं त्यालाच विसरतो.

दोन्ही हातांनी बंद करून एका हाताने उघडू न देण्याचा सराव फार परिणामकारक आहे आणि फार महागही पडतो. पहिल्या सहा महिन्यांत करू नका. स्नायू महिन्यांत तयार होतात, कंडरांना जास्त वेळ लागतो. कोपराच्या आतल्या हाडाशी सकाळी उठल्यावर ठणकायला लागलं, तर ग्रिपर बाजूला ठेवा. बोटांभोवती रबरबँड घालून ती उघडायचा व्यायाम रोज करा. जड ग्रिपर आठवड्यातून दोनदा पुरे, तिसऱ्यांदा हात मागत असला तरी.

आणि वहीत प्रत्येक आवळणीपुढे अंतर लिहा. 'दोन नंबर, कार्ड, 4 मिमी राहिले' ही नोंद 'दोन नंबर बंद' या नोंदीपेक्षा कितीतरी उपयोगी आहे. पुढच्या महिन्यात तिथे 3 आलं, तर काय बदललं ते तुम्हाला कळेल.

हाताला पुरेशी विश्रांती मिळाली. पावडर लावतो. पुढे बसलेल्यांपैकी कुणीतरी कार्ड धरा, अंतर तुम्हीच तपासा. जातंय? डावा हात काढला. आता आवाज करू नका.

अजून थोडं… नाही. इथेच थांबला. दांडा हलू देत नाही, पट्टी लावून मोजा. पाच? वहीत लिहा: कार्ड, 5 मिमी राहिले. मागच्या आठवड्यात सहा होते.