दारातला प्रश्न

(फोंड्यात पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मी मुलांचं मन खेळातून समजून घेते, म्हणजे प्ले थेरपी करते. खेळणी दाखवायला आणा, असं आयोजकांनी सांगितलं होतं. मी वाळूची पेटीच उचलून आणली. पाऊण मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, आतून निळी. वाळू बाजूला सारली की खाली पाणी दिसावं, म्हणून निळी. लंडनच्या मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टरबाईंनी १९२९ च्या सुमारास मुलांना अशी पेटी आणि कपाटभर चिमुकल्या वस्तू देऊन 'तुझं जग मांड' म्हणायला सुरुवात केली. मी आधी दर्यावरची वाळू भरली होती. मीठ ओल धरतं, पावसाळाभर ती सुकेचना. आता नदीची, धुऊन चाळलेली वापरते.

एक मुलगा सांगते. दोन-तीन मुलांचा मिळून एक केलाय, ओळखायला जाऊ नका. वय सात, वडील बोटीवर. शाळेत मारामाऱ्या, रात्री अंथरुणात शू. तो दर आठवड्याला एक होडी घ्यायचा आणि पुरायचा. वर हात आपटून वाळू घट्ट करायचा. मी एवढंच म्हणायची, "होडी पुरलीस. आता दिसत नाही." का पुरलीस, हे विचारायचं नाही. व्हर्जिनिया ॲक्सलाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४७ मध्ये ही शिस्त लिहून ठेवली: वाट मूल दाखवणार, आपण मागून चालायचं. मात्र वेळ संपली की संपली. स्वतःला, मला मारायचं नाही.

आणि बाहेर पडल्या पडल्या दारात आई विचारायची, "काय खेळलास? मॅडमना सगळं सांगितलंस ना?"

चौथ्या खेपेला त्यानं होडीला हात लावला नाही. सगळा वेळ गाड्या ओळीत लावत बसला. आईचं काय चुकलं म्हणा! पैसे मोजलेत, रजा टाकलीय, आत काय चाललंय कळायला नको? पण घरी जबाब द्यायचाय हे कळलं की मूल बेतानं खेळतं. आम्ही ठरवलं, दारात फक्त "भूक लागली?" एवढंच. होडी परत आली.

गणपतीच्या चवथीला वडील घरी आले. आता होडी वर निघेल, असं मला वाटलं होतं. त्यानं आणखी खोल पुरली. बाबा पुन्हा जाणार, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. मग वडिलांनाच दोनदा आत बसवलं. सल्ला द्यायचा नाही, फक्त वाळू धरायची.

मोठ्या मुलांना बाहुल्या दिल्या तर ती अपमान समजतात. तिथे कॅरम. नजर सोंगटीवर असली की तोंड उघडतं. त्यांना पहिल्याच दिवशी सांगते: तुझं बोलणं आईबाबांपर्यंत जाणार नाही, पण जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल, आणि कुणी अंगाशी वाईट वागलं असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं मला पोलिसांना कळवावंच लागतं. हे आधी सांगितलं की काहीजण गप्प होतात, खरंय. नंतर सांगितलं तर कायमचे होतात.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास. मुलांसाठी १०९८. फ्रिजवर लावून ठेवा, मुलांच्या नजरेच्या उंचीवर.

आता पेटी खाली ठेवते. ज्यांना हात घालायचाय त्यांनी या, बांगड्या काढून.