कपाशीला वाफसा हवा

मंडळी, येवला, नांदगाव, मालेगावकडून तुम्ही आज पहाटेच निघालात. नाशिकला येताना निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागा लागल्या असतील. तिथला बागायतदार ठिबक किती मिनिटं चाललं, कोणत्या दिवशी कोणतं खत सोडलं, हे वहीत लिहून ठेवतो. कपाशीत मात्र आपण मोटर चालू करून घरी येतो आणि युरिया मुठीने फेकतो. हे मला मनापासून खटकतं, कारण पाण्याची खरी ओढ कपाशीच्याच पट्ट्यात आहे. इगतपुरीला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेच ढग आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांत पोहोचेपर्यंत जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास देतात. कपाशीला हंगामभर किमान ७०० तरी लागतात.

तरीही आपल्या शेतात मी जे नुकसान बघतो, त्यातलं निम्मं जास्तीच्या पाण्याने झालेलं असतं. आधी पावसाने ओढ दिलेली असते, मग पाणी हाती आलं की आपण शेत तुडुंब करतो. काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात, आतली हवा निघून जाते. मुळाला श्वास घेता येत नाही. दोन-तीन दिवसांत पातं, म्हणजे फुलाची कळी, गळतं, आणि ओल्या रानात उभं झाड माना टाकतं. ते बघून आपण आणखी पाणी देतो! त्याच काळात मातीतले जिवाणू युरियातल्या नत्राचा वायू करून तो हवेत सोडतात, म्हणजे युरियाचे पैसेही गेले.

आपल्या वाडवडिलांनी यासाठी फार नेमका शब्द दिला आहे: वाफसा. मातीत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी स्थिती. वीतभर खोलवरची माती मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे, पण खाली टाकला की फुटला पाहिजे. तळव्याला चिखल चिकटला, तर त्या दिवशी मोटरला हात लावू नका.

आता ठिबकचा हिशेब करू. दोन लॅटरलमध्ये, म्हणजे ठिबकच्या नळ्यांमध्ये, ५ फूट; नळीवर थेंब सोडणारा ड्रीपर २ फुटांवर, ताशी ४ लिटरचा. एकरात सुमारे ४,३५० ड्रीपर बसतात. म्हणजे तासाला १७,४०० लिटर, एकरावर ४ मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. बोंडं भरताना ऑक्टोबरच्या उन्हात पिकाला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर लागतात, म्हणजे सव्वा तास पुरतो. पण लाइट रात्री येते, लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो लावलेला असतो, आणि मोटर आठ तास त्याच प्लॉटवर चालते. आठवड्याचं पाणी एका रात्रीत, तेही सगळ्या रानात नाही, ओळीलगतच्या पट्ट्यात. रात्री दोनला उठून व्हॉल्व्ह बदलणं किती जड जातं हे मला ठाऊक आहे, मी ते केलं आहे. म्हणून सांगतो, शेताचे चार भाग करा आणि रोज एकच भाग भिजवा. मग मधे उठावं लागणार नाही आणि ऑटोऐवजी टायमर लावून चार-पाच तासांत मोटर बंद करता येईल.

खताचंही तेच. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र साडेवीस किलोच्या आसपास. कपाशी त्यातलं बहुतेक नत्र पाते लागल्यापासून बोंडं भरेपर्यंत उचलते. गोणीच्या गोणी एकदम टाकली तर झाड नुसतं पाल्यावर जातं, मावा-तुडतुडे येतात आणि बोंडं यायला उशीर होतो. ठिबक असेल तर दर आठवड्याला थोडं थोडं सोडा: आधी नुसतं पाणी, मधे खत, शेवटी पुन्हा नुसतं पाणी, म्हणजे नळ्याही धुतल्या जातात. कोरडवाहू असेल तर पावसानंतर वाफसा आल्यावर खत पेरा आणि कोळप्याने मातीआड करा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत वर पडलेल्या युरियाचा अमोनिया उडून जातो. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मात्र जागचं हलत नाही. ते पेरणीलाच, बियाण्याच्या बाजूला, मुळाच्या वाटेवर गेलं पाहिजे.

पानं लाल पडली की युरिया मारायची घाई होते. लाल झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. नत्राबरोबर मॅग्नेशियमही कमी पडलेलं असतं, म्हणून लाल्या दिसण्याआधीच मॅग्नेशियम सल्फेटची १ टक्क्याची फवारणी घ्या.

कालव्याचं आवर्तन, म्हणजे ठरावीक दिवसांनी सोडलं जाणारं पाणी, आपल्या पिकाकडे बघून सुटत नाही, त्यामुळे ज्याला जमेल त्याने शेततळं धरावं. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, उताराच्या बाजू धरून त्यात १९ लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. ५० मिलिमीटरची एक पाळी, म्हणजे एकदा दिलेलं पाणी, एकराला २ लाख लिटर घेते. उन्हाने उडणारं सोडून तीन एकरांना दोन-तीन संरक्षित पाळ्या निघतात. पावसाचा खंड पडला तर पहिली पाते लागताना, दुसरी फुलोऱ्यात, तिसरी बोंडं भरताना. बोंडं फुटू लागली की तळ्यात पाणी उरलं तरी कपाशीला देऊ नका. फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही पाणी देऊन पीक लांबवलं, की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळतं. ते पाणी हरभऱ्याला जाऊ द्या.